गिटारमधून निघाला बँडबाजा!

क्वीन म्हटलं की काय आठवतं? खच्चून भरलेलं स्टेडियम, फ्रेडी मर्क्युरीची उंचावलेली मूठ आणि कुरळ्या केसांच्या ब्रायन मेची कडाडणारी गिटार. एकदम हार्ड रॉक! पण हा गिटारवाला आपल्या बँडची पाळंमुळं सांगायला बसला की अशी नावं येतात, की रॉकचे कट्टर भक्तही कान टवकारतील.

माहीत आहे का? क्वीनच्या 'गुड कंपनी'मध्ये अख्खा जॅझ बँड वाजतो आणि त्यात बँडवाला एकही नाही! ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन... सगळी ब्रायनची गिटार! साल १९७५, आल्बम 'अ नाइट ॲट द ऑपेरा'. प्रेरणा कुणाची? टेम्परन्स सेव्हनची. ही ब्रिटिश मंडळी साठच्या दशकात १९२०च्या दशकातलं डान्स म्युझिक झोकात वाजवायची आणि शाळकरी ब्रायन त्यांच्यावर फिदा. प्रत्येक वाद्य श्वास कुठे घेतं, सूर कसा घसरवतं, याचा त्याने बारीक अभ्यास केला. काही जागा तर एकेक-दोनदोन सूर रेकॉर्ड करून जोडल्या. पेशन्स बघा! त्यात जादू होती ती एका छोट्याशा ॲम्पची. क्वीनचा बासवादक जॉन डीकनने तो कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून बनवला होता.

बोनस फॅक्ट! याच टेम्परन्स सेव्हनचं गाणं १९६१मध्ये ब्रिटनमध्ये नंबर वन झालं. निर्माता होता जॉर्ज मार्टिन, आणि त्याचं ते पहिलंच नंबर वन. पुढे त्याने कोणाला घडवलं? बीटल्सना!

आता धक्का नंबर दोन: मांतोवानी. आजी-आजोबांच्या रेडिओवरचं गोडगोड ऑर्केस्ट्रा संगीत. त्याच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचे सूर धबधब्यासारखे एकावर एक कोसळत येत. ब्रायनने ती युक्ती उचलली आणि गिटारवर चढवली. १९७४चं 'किलर क्वीन' ऐका. एक सूर विरायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा, जणू घंटा निनादतायत. माझ्या मते क्वीनची खरी सही इथेच आहे. वेगाने वाजवणारे गिटारिस्ट पुष्कळ झाले, गिटारचा ऑर्केस्ट्रा उभारणारे फार थोडे. त्यांच्या जुन्या आल्बमवर तर अभिमानाने छापलेलं असायचं: सिंथेसायझर वापरलेला नाही!

आणि घरातला गुरू? पप्पा! हॅरॉल्ड मे युकुलेली-बँजो वाजवायचे, तेही विनोदी गाण्यांचा बादशहा जॉर्ज फॉर्म्बीच्या स्टाइलमध्ये. ब्रायनच्या बोटांना पहिले कॉर्ड्स याच छोटुकल्या वाद्याने शिकवले. १९७४च्या 'ब्रिंग बॅक दॅट लेरॉय ब्राउन'मध्ये तो युकुलेली-बँजो चक्क रॉकच्या मांडवात हजर!

बाप-लेकाची जोडगोळी तिथेच थांबली नाही. १९६३मध्ये दोघांनी घरीच गिटार बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या फायरप्लेसचं, शंभरेक वर्षांचं लाकूड. त्यातली किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंग जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे! हीच ती जगप्रसिद्ध 'रेड स्पेशल'. तीच घेऊन ब्रायन २००२मध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर चढला. आणि पिक? प्लॅस्टिक नाही, सिक्सपेन्स! म्हणजे या गड्याचं नाणं अक्षरशः खणखणीत.

एक गोष्ट मला फार आवडते. खगोलशास्त्राची पीएचडी सोडून पोरगा बँडमागे लागला, म्हणून हॅरॉल्ड नाराज होते. त्यांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या यंत्रणांवर काम केलेलं, पण त्यात बसले मात्र कधी नव्हते. ब्रायनने आई-वडिलांना कॉन्कॉर्डनेच न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा शो दाखवला. बापाचा राग तिथे विरघळला. (पीएचडी? तीही झाली, २००७मध्ये!)

झटपट जपान! क्वीनच्या 'द प्रॉफेट्स साँग'मध्ये कोटो हे जपानी तंतुवाद्य वाजतं. तेही खेळण्यातलं, जपान दौऱ्यात भेट मिळालेलं.

झटपट पाचगणी! हो, आपलं साताऱ्याचं पाचगणी. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि 'द हेक्टिक्स' या शाळेच्या बँडमध्ये पियानो बडवायचा. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी. महाबळेश्वरला जाताना ती शाळा दिसली तर गाडीत क्वीन लावाच!

आता सगळ्यात भन्नाट गुरू: पब्लिक. १९७७, स्टॅफर्डचा बिंगली हॉल. शो संपला आणि हजारो प्रेक्षक एका सुरात गाऊ लागले. ब्रायन थक्क! एवढी माणसं एकत्र उभी राहून करू तरी काय शकतात? पाय आपटतील, टाळ्या वाजवतील, गातील. झालं, 'वी विल रॉक यू' तयार! त्यातली धडधड ड्रम्सची नाहीच. एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून, टाळ्या वाजवून ती रेकॉर्ड केली. मग ब्रायनमधला फिजिक्सवाला जागा झाला. आवाजाच्या प्रती थोड्याथोड्या उशिराने वाजवल्या आणि ती अंतरं घेतली मूळ संख्यांच्या हिशोबाने, म्हणजे प्रतिध्वनी न वाटता अफाट गर्दी वाटावी.

आणि माहीत आहे का? गिटारिस्टने लिहिलेल्या या गाण्यात गिटार येते पार शेवटी!