विजेची शुद्धता

कारखान्यात वीज आहे की नाही, एवढीच चौकशी करण्याचे दिवस मागे पडून आलेली वीज कितपत शुद्ध आहे हा प्रश्न आता अग्रभागी आला आहे. कारण दर सेकंदास ५० आवर्तनांचा प्रवाह ज्या मोटारींना पूर्वी सरळ मिळे, त्यांचा वेग हल्ली ड्राइव्ह नावाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण ठरवते, आणि ते प्रवाह तुकड्यातुकड्यांनी ओढत असल्यामुळे मूळ लहरीत २५० व ३५० हर्ट्‌झच्या उपलहरी, म्हणजे हार्मोनिक्स, मिसळतात.

यातला सर्वांत फसवा प्रकार कपॅसिटरचा. पॉवर फॅक्टर घसरून बिलात दंड लागू नये म्हणून बसवलेली ही कपॅसिटर बँक आणि ट्रान्सफॉर्मर यांचा मेळ दुर्दैवाने नेमका त्या उपलहरींपाशी जमला, तर अनुनाद होऊन प्रवाह कितीतरी वाढतो, कपॅसिटरचे डबे फुगतात, फ्यूज उडतात, आणि दरवेळी नवा फ्यूज घातला जातो. याने रोगाला केवळ मुदत मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

निदानासाठी मुख्य पॅनेलवर पॉवर ॲनालायझर लावून आठवडाभर नोंद घ्यावी, कारण सुटीच्या दिवशी भार नसताना कपॅसिटर जोडलेलाच राहिला तर व्होल्टेज चढते, आणि ही गोष्ट तासाभराच्या तपासणीत हाती लागत नाही. उपाय म्हणून कपॅसिटरशी एकसर जोडणीत ७ टक्क्यांचा रिॲक्टर घातला की त्या जोडीचा अनुनाद १८९ हर्ट्‌झवर उतरतो व धोका टळतो. मात्र त्यामुळे कपॅसिटरवरील व्होल्टेज वाढत असल्याने ४४० व्होल्टचे जुने डबे चालणार नाहीत, हे खरेदीखात्यास आगाऊ लेखी कळवावे.