मिड टॉवर की फुल टॉवर? एका पेटीची निवड आणि लक्षणाचा प्रश्न

श्रोतेहो, ज्या पत्र्याच्या पेटीला आपल्याकडे घरोघरी ‘सीपीयू’ म्हणतात, तिचं दुकानातलं नाव कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो आणि तो तळहातावर मावतो. आज आपण बोलणार आहोत ते पेटीबद्दल. नवा कम्प्युटर सुटे भाग आणून जुळवायचा, तर मिड टॉवर घ्यावा की फुल टॉवर? प्रश्न किरकोळ वाटेल. पण घरात मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते. पेटीवर जास्तीचा गेलेला रुपया ग्राफिक्स कार्ड, मेमरी किंवा पॉवर सप्लाय यांच्या वाट्यातूनच जातो. तेव्हा नीट विचार केलेला बरा.

सुरुवात शब्दांपासून करू. नैयायिक लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ‘शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘पांढरी ती गाय’ म्हटलं की काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आता बघा, बाजारात ढोबळमानाने ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीच्या पेटीला मिड टॉवर म्हणतात आणि ५५ च्या वर गेली की फुल टॉवर. पण दोन कप्प्यांची, रुंद अशी काही कॅबिनेट उंचीने मिड टॉवरएवढीच असूनही ३६० मिलिमीटरचे दोन-तीन रेडिएटर पोटात घेतात. म्हणजे उंचीवरून केलेलं लक्षण टिकत नाही. ही नावं विक्रीच्या सोयीची आहेत, त्यांना ठरलेलं माप नाही.

ठरलेलं माप आहे ते मदरबोर्डचं. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे मानक आणलं. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, आणि त्यासाठी पेटीच्या मागे सात स्लॉट असतात. तो साध्या मिड टॉवरमध्ये आरामात बसतो. इतक्या वर्षांत प्रोसेसर किती बदलले, पण हे माप टिकलं. म्हणूनच चांगलं कॅबिनेट आतल्या भागांच्या दोन-तीन पिढ्या पाहू शकतं.

मग नावापेक्षा काय बघायचं? चार मापं: बोर्ड कोणता बसतो, ग्राफिक्स कार्ड किती लांब चालतं, प्रोसेसरवरचा कूलर किती उंच चालतो, आणि रेडिएटर कुठे व केवढा बसतो. आजची मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात. मोठे हवेचे कूलर १६५ मिलिमीटरच्या आसपास असतात. आणि एक गोष्ट विसरली जाते बरं का: पुढच्या बाजूला रेडिएटर लावला की तो आणि त्याचे पंखे मिळून पाच-साडेपाच सेंटिमीटर जागा खातात. तेवढी कार्डाच्या लांबीतून वजा करायची.

आता सगळ्यांत लाडका युक्तिवाद: ‘पेटी मोठी, म्हणजे कम्प्युटर थंड.’ तपासून पाहू. समजा आत ५०० वॅट उष्णता तयार होते आणि पंखे मिनिटाला ३००० लिटर हवा आत-बाहेर करतात. हिशेब केला तर ती हवा साधारण ८ अंशांनी तापून बाहेर पडते. खोली ३८ अंशांवर असेल, तर बाहेर येणारी हवा ४६ अंशांची. या हिशेबात पेटीचं आकारमान कुठे आलं? कुठेच नाही! ५० लिटरची पेटी असेल तर तिच्यातली हवा मिनिटाला साठ वेळा बदलते. मोठी पेटी म्हणजे गारव्याची साठवण नव्हे. महत्त्वाचं आहे ते हवा किती आणि कोणत्या वाटेने जाते हे. पुढे जाळी असलेला मिड टॉवर हा पुढे बंद काच असलेल्या फुल टॉवरपेक्षा सहज सरस ठरू शकतो. मोठ्या पेटीत पंख्यांना जागा जास्त मिळते हे खरं. पण ते पंखे विकत घेऊन लावावे लागतात.

तर मग फुल टॉवर कुणी घ्यावा? ज्यांचा बोर्ड एटीएक्सपेक्षा मोठा आहे, ज्यांना साडेतीन इंची आठ-दहा हार्ड डिस्क लावायच्या आहेत, किंवा जे पंप, टाकी आणि दोन मोठे रेडिएटर असं पाण्याचं शीतकरण स्वतः बांधतात, त्यांनी. अशांना त्यात हात घालून काम करणंही सोपं जातं. एका ग्राफिक्स कार्डावर व्हिडिओ संपादन, प्रोग्रॅमिंग, खेळ करणाऱ्याला मिड टॉवर पुरतो. शिवाय तो टेबलाशेजारी मावतो. फुल टॉवर रिकामाच बारा-पंधरा किलोचा असू शकतो; भाड्याची खोली बदलताना तो जिन्यावरून कुणी न्यायचा?

‘पुढेमागे लागलं तर?’ असं आपण म्हणतो. इथे खरेदी करणारे आपण आज असलेले नसतो, तर उद्या होऊ अशी कल्पना केलेले असतो. त्या कल्पनेला एकच प्रश्न विचारावा: पुढच्या दोन वर्षांत नेमका कोणता भाग घेणार? त्या भागाचं नाव आणि माप सांगता आलं, तर ती गरज. सांगता आलं नाही, तर ती इच्छा. इच्छा वाईट नाही. पण तिची किंमत गरजेच्या खात्यातून भरू नये, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

तेव्हा दुकानात जाताना चार मापं कागदावर लिहून न्या, आणि पेटीची उंची सर्वांत शेवटी विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊ.