नेमबाजीची दोन घराणी

नेमबाजीत पदक आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'राजेरजवाड्यांच्या शिकारीचाच हा नवा अवतार.' शॉटगनच्या बाबतीत हे खरं आहे, रायफलच्या बाबतीत फारसं नाही.

शॉटगनचा खेळ जिवंत पक्ष्यांवरच सुरू झाला. पेटीतून कबुतर सोडायचं आणि ते उडताच टिपायचं. 1900 साली पॅरिसमध्ये बेल्जियमच्या लेऑन द लुंडेननं 21 पक्षी पाडून अशी स्पर्धा जिंकली. ती ऑलिंपिकची धरायची की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याआधी वीस वर्षं, 1880 मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीनं मातीच्या चकतीचं पेटंट घेतलेलं होतं. पर्याय होता, तरी पॅरिसकरांना रक्तही हवं होतं, दुसरं काय!

स्कीट तर शिकाऱ्यांनीच सरावासाठी काढलेला खेळ. 1920 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स डेव्हिस आणि त्याच्या सोबत्यांनी रानकोंबड्यासारख्या ग्राउझ पक्ष्याच्या शिकारीसाठी हात तयार राहावा म्हणून तो रचला. आजही ऑलिंपिक स्कीटमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून चालत नाही. दस्ता कमरेशी, जॅकेटवरच्या पट्टीला टेकलेला. खेळाडूनं हाक दिली की चकती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही. झुडपातून पक्षी कधी उडेल हे शिकाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं? चकती दिसल्यावरच बंदूक वर न्यायची, 11 सेंटिमीटरच्या त्या चकतीच्या पुढे नेम धरायचा आणि चाप ओढल्यावरही नळी फिरती ठेवायची. नळी थांबली की छर्रे मागे पडलेच.

भारतात हा धागा बिकानेरच्या एकाच घरात सापडतो. महाराजा गंगासिंह गजनेरच्या तळ्यावर व्हाइसरॉयना पखुर्डी पक्ष्यांच्या शिकारीला बोलवायचे. त्यांचे नातू करणीसिंह ट्रॅप या शॉटगनच्याच प्रकारात चकत्या फोडत पाच ऑलिंपिक खेळले आणि 1962 मध्ये कैरोला जागतिक रौप्य मिळवून आले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा रस्ता बंद होत गेला. चकतीचा मोकळाच राहिला.

रायफलचं घराणं मुख्यतः छावणीतलं. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना स्वयंसेवक सैनिकांच्या सरावासाठी झाली. 1860 मध्ये विम्बल्डनला पहिली गोळी झाडली राणी व्हिक्टोरियानं, तीही स्टँडवर आधीच नेम धरून बसवलेल्या रायफलची रेशमी दोरी ओढून! रायफलमध्ये शिकारीचा अंश अगदीच नव्हता असं नाही. 1908 च्या ऑलिंपिकमध्ये पळत्या हरणाच्या आकृतीवर नेम धरून स्वीडनच्या ऑस्कर स्वाननं साठाव्या वर्षी सुवर्ण जिंकलं. पण पळत्या लक्ष्याची ही शाखा 2004 नंतर ऑलिंपिकमधून गेली.

महाराष्ट्राची नेमबाजी या दुसऱ्या घराण्याची. अंजली भागवतांच्या हाती रायफल आली ती कॉलेजातल्या एनसीसीमुळे. स्वप्निल कुसाळेचं कांबळवाडी गाव राधानगरी तालुक्यातलं. याच तालुक्यात कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूरचं शिकारीचं रान होतं, आता अभयारण्य आहे. आपल्याला या दोन गोष्टी जोडायचा मोह होतो. पण स्वप्निल घडला तो क्रीडा प्रबोधिनीत, आणि 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्यानं, अशा पायदळाच्या तीन पवित्र्यांत. समोर 50 मीटरवर, जागचं न हलणारं, 10.4 मिलिमीटर व्यासाचं दहा गुणांचं वर्तुळ.