जिन्यावरचे लॅमिनेट

उपनगरी लोकल 2013 साली डहाणूपर्यंत धावू लागली, आणि पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2014 रोजी, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून तांदूळवाडी गडाच्या परिसरातील सफाळ्यात जुन्या कौलारू घरांशेजारी काँक्रीटची दुमजली घरे उभी राहताना दिसतात, आणि त्यांच्या जिन्यांना लाकडाचे रूप यावे म्हणून लॅमिनेट बसविण्याची इच्छा अनेकांना होते. ही इच्छा मला मुळीच गैर वाटत नाही. परंतु खोलीच्या जमिनीवर जे सहज साधते ते जिन्यावर साधत नाही, हे मालकाने आणि मिस्त्रीनेही आधी ध्यानात घेतले पाहिजे.

लाकडाचे तंतू राळेत कालवून, उष्णता व दाब यांनी घट्ट केलेला गाभा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सर्वांत वर झीज सोसणारा पारदर्शक थर, अशी या फळीची रचना असते. खोलीत या फळ्या एकमेकींच्या खाचांत अडकवून, फोमच्या पातळ थरावर नुसत्या पसरतात आणि भिंतीपाशी 8 ते 10 मिलिमीटर फट सोडतात, जेणेकरून ओलाव्याने सारी जमीन फुगली तरी ती उचलली जाऊ नये. जिन्यावर हीच मोकळीक घातक ठरते. कारण उतरणाऱ्या माणसाचा भार पायरीच्या कडेवर येतो, आणि तेथे फळी किंचित जरी हलली तरी पाय निसटतो. म्हणून येथे फोम वर्ज्य समजावा, फळी पायरीला सर्वांगाने चिकटवावी, आणि कडेची नोझिंगपट्टी चिकटद्रव्याखेरीज स्क्रूनेही जखडावी. आधी उभा रायझर, मग त्याला भिडवून आडवी फळी, हा क्रम सोयीचा पडतो.

घरगुती जिन्याचा रायझर 190 मिलिमीटरांहून उंच आणि पाय ठेवण्याची जागा 250 मिलिमीटरांहून अरुंद नसावी, असा राष्ट्रीय इमारत संहितेचा दंडक आहे. परंतु सर्व पायऱ्या समान उंचीच्या असणे मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते. फळी व चिकटद्रव्य मिळून प्रत्येक पायरी 10 मिलिमीटरांनी वाढली, पण खालची व वरची जमीन तशीच राहिली, तर पहिली पायरी तेवढ्याने उंच आणि शेवटची तेवढ्याने ठेंगणी होते. आणि अंगवळणी पडलेल्या जिन्यावर म्हातारी माणसे नेमकी अशाच ठिकाणी ठेचकाळतात. दोन्ही मजल्यांच्या जमिनी त्याच प्रमाणात वाढविणे, हा यावर खरा उपाय होय.

आपल्या किनारपट्टीवर दुसरा शत्रू म्हणजे ओल. पाणी मुरून फळीची कड एकदा फुगली की ती पूर्ववत बसत नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळीनंतर, कोरडी हवा स्थिरावल्यावर, प्लास्टिकचा तुकडा पायरीवर चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा, आणि त्याखाली दव जमले तर काम पुढे ढकलावे. फळ्यांचे खोकेही त्याच घरात 48 तास ठेवून मगच उघडावे. जो जिना अंगणातून चढतो, ज्यावर आषाढात ओल्या पायांनी ये-जा होते, त्यावर लॅमिनेट बसवूच नये. तेथे खडबडीत लादीच योग्य.

वाचकांनी विसार देण्यापूर्वी आपल्या जिन्याची पहिली व शेवटची पायरी स्वतः मोजावी, आणि नोझिंगचा दर फळ्यांच्या दराबरोबरच लेखी मागून घ्यावा.