भिंतीचा पोशाख

मुलांनो, आपण उन्हाळ्यात सुती कपडे घालतो, थंडीत लोकरी कपडे घालतो आणि पावसात छत्री घेतो. घराच्या भिंती मात्र तिन्ही ऋतू एकाच पोशाखात काढतात. म्हणून तो पोशाख विचार करून निवडावा लागतो.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राजवळ आहे. घराच्या जुन्या भिंती जांभ्याच्या असून त्यांचे बांधकाम मातीत केलेले आहे. जांभा हा कोकणातला तांबडा दगड. त्यात लोह असते, म्हणून त्याला हा रंग येतो. खाणीत तो मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज पाडता येतात. उघड्या हवेत तो कठीण होतो. पण त्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी शिरते. रत्नागिरीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ते सारे पाणी साठले, तर एक खोली छतापर्यंत भरेल!

पावसाळी वारा समुद्रावरून येतो. म्हणून सर्वांत जास्त झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते. पूर्वी आमच्या दादी मे महिन्यात त्या भिंतीला झापे बांधून घेत. झाप म्हणजे नारळाची विणलेली झावळी. झापे स्वस्त असतात, पण दरवर्षी नवी लागतात.

एके वर्षी अब्बा म्हणाले, "आता ही दरवर्षीची कटकट नको." त्यांनी चुन्याचा जुना गिलावा काढून सिमेंटचा जाड गिलावा करवला आणि वर चकचकीत रंग दिला. घर नव्यासारखे दिसू लागले. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र भिंतीला आतून ओल आली. रंगाचे पापुद्रे निघाले, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. दादींना दमा होता. त्या रात्र रात्र बसून काढू लागल्या.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावले. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली. गिलावा पोकळ वाजला. ते अब्बांना म्हणाले, "भाईसाहेब, पाण्याला आत शिरायला केसाएवढी भेग पुरते. पण ते बाहेर यायला तुम्ही वाटच ठेवली नाही."

असे का झाले? मातीत बांधलेली भिंत ऊन-पावसाने किंचित फुगते आणि आकसते. सिमेंट कठीण असते. ते तिच्याबरोबर हलत नाही, म्हणून त्याला भेगा पडतात. भेगांतून पाणी आत जाते आणि तिथेच अडकते. चुन्याच्या गिलाव्यात सूक्ष्म छिद्रे असतात. पाऊस थांबला की त्यांतून ओल वाफ होऊन निघून जाते. याचा अर्थ सिमेंट वाईट असा नाही. सिमेंटमध्ये बांधलेल्या विटांच्या भिंतीला सिमेंटचाच गिलावा चांगला.

अब्बांनी सिमेंट काढून टाकले, भिंत उन्हाळाभर सुकू दिली आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करवला. छपराची पावळी दीड हात पुढे घेतली. आता पावसाळ्यापुरते आम्ही त्या भिंतीला पत्रे लावतो. पत्रा आणि भिंत यांत चार बोटे अंतर ठेवतो, म्हणजे हवा खेळती राहते. खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा लवकर गंजतो, म्हणून त्याला रंग द्यावा लागतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे मात्र कधी कापू किंवा फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

दोन वेळा खर्च झाला. दादींचा दमा गेला नाही, पण त्या पुन्हा आपल्या खोलीत झोपू लागल्या.

सगळीकडे एकच पोशाख चालत नाही. मालेगावसारख्या कोरड्या हवेच्या शहरात पावसापेक्षा उन्हाचा विचार आधी करावा. तिथे पांढरा चुना दिलेली भिंत ऊन परतवते आणि घर कमी तापते.

'गिलावा' हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीत 'गिल' म्हणजे माती. तुमच्या घराच्या भिंतीला कोणता गिलावा आहे? भिंत कशाची आहे? पाऊस कोणत्या बाजूने येतो? आत शिरलेली ओल कोठून बाहेर जाईल? भिंतीचा पोशाख निवडताना आधी हे प्रश्न विचारावेत. रंग कोणता द्यायचा, ते नंतर ठरवावे.