तबकडीची झोप आणि ती मोडणारे

बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवरचं एखादं फोल्डर तासाभराने उघडायला जावं, तर संगणक सात-आठ सेकंद ढिम्म. मग आतून घरघर ऐकू येते आणि फोटो दिसू लागतात. यात बिघाड काही नाही. मधल्या काळात कोणी काही मागितलं नाही म्हणून डिस्कची मोटर थांबवलेली होती, तिला आता पुन्हा वेग घ्यावा लागला. मोटर थांबवायची की नाही हे कधी डिस्कमधला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, ठरवतो. कधी ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर. दोघांनी एकमेकांना न विचारता शहाणपणा केला, की मात्र घोटाळा होतो.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर, तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगतं. काम असो वा नसो, त्या हवेला घुसळत राहायला वीज लागतेच. डेस्कटॉपमधली साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहायला ५ वॅटच्या आसपास खाते. मोटर थांबली की हा खर्च एका वॅटच्या आसपास येतो. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचे आकडे याहून बरेच लहान. पण तिथे बॅटरीही लहानच असते.

ड्रायव्हरच्या हाती यासाठी ठरलेल्या आज्ञा असतात. ‘आयडल’मध्ये तबकडी फिरत राहते, काही इलेक्ट्रॉनिक भाग विश्रांती घेतात. ‘स्टँडबाय’मध्ये मोटर बंद, पण डिस्क हाकेला ओ देते. ‘स्लीप’मध्ये तेही नाही, रीसेट केल्याशिवाय ती उठत नाही. मोटर थांबवण्यापूर्वी कॅशमध्ये, म्हणजे डिस्कच्या तात्पुरत्या साठ्यात, अडकलेला मजकूर तबकडीवर उतरला आहे ना, हे पाहणं ड्रायव्हरचं काम. आणि थांबण्याची आज्ञा न मिळताच वीज गेली तर? आजच्या बहुतेक डिस्कमध्ये फिरत्या तबकडीच्या गतीवर मोटर तेवढ्यापुरती जनित्र होते, आणि त्या चिमूटभर विजेवर हेड कडेच्या उतरंडीवर, म्हणजे रॅम्पवर, ओढून घेतलं जातं. यंत्ररचनेतली ही करामत मला फार आवडते. पण असा हिसका हेडला सोसत नाही, म्हणून संगणक बंद करतानाही ड्रायव्हरने आधी ‘स्टँडबाय’ सांगायचं असतं.

थांबवायचं कसं हे कळलं, थांबवायचं कधी? थांबलेली तबकडी पुन्हा वेगात आणायला घसघशीत वीज लागते. समजा, त्यासाठी १६० ज्यूल जादा लागतात आणि झोपेत सेकंदाला ४ ज्यूल वाचतात. मग झोप ४० सेकंदांहून मोठी असेल तरच फायदा, नाहीतर घाटा. पुढची मागणी कधी येणार हे तर ड्रायव्हरला ठाऊक नसतं.

संगणकशास्त्रात याला स्कीचं कोडं म्हणतात. बर्फाचा हंगाम किती दिवस टिकेल माहीत नाही. स्की रोज भाड्याने घ्यायची की विकत? उत्तर असं : भाड्यापोटी विकतच्या किमतीएवढे पैसे जाईपर्यंत भाडं भरा, मग विकत घ्या. हंगामाचा शेवट आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त खर्च तुम्हाला कधीच येत नाही. डिस्कच्या भाषेत, ४० सेकंद वाट पाहा आणि मग झोपवा. १९९० मध्ये ॲना कार्लिन आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढची पायरी दाखवली. वाट पाहण्याचा काळ विशिष्ट प्रकारे यादृच्छिक ठेवला, तर सरासरी खर्च दुपटीऐवजी सुमारे १.५८ पटीवर येतो. १९९४ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी लॅपटॉपच्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी तपासल्या. उत्पादक तेव्हा तीन ते पाच मिनिटं थांबायला सांगत. यांचं उत्तर आलं दोन सेकंद!

विजेचा हिशेब चोख होता. झिजेचा हिशेब मात्र वेगळाच असतो. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ मालिकेतल्या डिस्कमध्ये फर्मवेअरने ८ सेकंद शांतता दिसली की हेड उचलून रॅम्पवर ठेवायचं, असं ठरलेलं होतं. तबकडी फिरतीच, पण हेडचा अडसर नसल्याने वीज कमी. असं ठेवणं-उचलणं तीन लाख वेळा सोसण्याची डिस्कची क्षमता. तीन लाख म्हणजे भरपूर, असं वाटतं.

आता दुसऱ्या बाजूला लिनक्स पाहा. बदललेला मजकूर तो लगेच डिस्कवर लिहीत नाही. दर पाच सेकंदांनी एक चौकीदार उठतो आणि तीस सेकंदांहून जुना झालेला मजकूर लिहून टाकतो. कुठलातरी प्रोग्रॅम नोंदवहीत एखादी ओळ लिहीत राहिल्यामुळे अर्ध्या मिनिटाला एकदा लिखाण झालं, तर दर वेळी हेड खाली येणार, आठ सेकंदांनी वर जाणार. मिनिटाला दोनदा, दिवसाला २,८८० वेळा. तीन लाखांची पुंजी साडेतीन महिन्यांत संपली! शेवटी आठ सेकंदांचा हा काळ बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम कंपनीनेच दिला. २००७ च्या सुमारास लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स वापरणाऱ्यांमध्येही हेड ठेवण्या-उचलण्याच्या याच आकड्यावरून गदारोळ झाला होता. आपल्या डिस्कचा आकडा बघायचा असेल, तर तिच्या ‘स्मार्ट’ नोंदींमध्ये १९३ क्रमांकाच्या रकान्यात तो सहसा सापडतो.

माझ्या मते, किती सेकंद थांबायचं यावर जेवढी बुद्धी खर्च झाली त्याहून मोलाचं काम दुसरीकडे झालं : डिस्कला उठवतं कोण, हे शोधण्याचं. फाइल कधी वाचली याची वेळ नोंदवण्याची युनिक्सची जुनी रीत आहे. म्हणजे नुसतं वाचलं तरी लिखाण ठरलेलं! मेमरीत आधीच आलेली फाइल पुन्हा वाचली, तरी वेळेच्या त्या नोंदीपायी डिस्क जागी. २००९ मध्ये लिनक्सने ही नोंद मोजक्याच वेळी करायची असं ठरवलं आणि किती तरी निरर्थक लिखाण बंद झालं. त्याआधी, २००४ मध्ये, ‘लॅपटॉप मोड’ आला होता. काही वाचायला डिस्क उठलीच आहे, तर साचलेलं सगळं लिखाण त्याच वेळी उरकून घ्यायचं आणि मग दहा-दहा मिनिटं तिच्या वाटेला जायचं नाही. किंमत उघड आहे. मध्येच बॅटरी दगावली, तर त्या दहा मिनिटांतलं कामही गेलं.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, तरी प्रश्न तोच राहिला. एनव्हीएमई जातीच्या ड्राइव्हला झोपेच्या अनेक पायऱ्या असतात. जितकी खोल, तितका आत-बाहेर करायला वेळ जास्त. २०१७ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरने यासाठी साधा नियम धरला : एखाद्या पायरीत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पन्नासपट रिकामा वेळ गेला की तिथे जायचं. म्हणजे ये-जा करण्यात सुमारे दोन टक्क्यांहून अधिक वेळ जात नाही. मात्र त्याच ड्रायव्हरमध्ये अपवादांची एक यादीही ठेवावी लागली आहे. काही ड्राइव्ह सर्वांत खोल पायरीत गेले की परत येतच नाहीत. त्यांचे क्रमांक त्या यादीत नोंदवलेले असतात आणि त्यांना तितकं खोल झोपू दिलं जात नाही.