कालबाह्य व्यवसाय-प्रणालीचे प्रतिस्थापन : स्वनिर्मित सॉफ्टवेअरचा पर्याय आणि त्याच्या अटी

प्रस्तावना

खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, लेखा आणि वेतन ही उद्योगसंस्थेची कामे पूर्वी स्वतंत्र नोंदवह्यांतून व पुढे स्वतंत्र संगणकीय आज्ञावलींतून चालत असत. ही सर्व कामे एकाच माहितीसाठ्यावर आणणाऱ्या प्रणालीस १९९० च्या दशकात एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग म्हणजेच ईआरपी हे नाव रूढ झाले. गोदामातून माल बाहेर पडला की साठ्याची नोंद, ग्राहकाचे बिल आणि खतावणीतील जमा-नावे या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहारातून बदलतात, हे तिचे वैशिष्ट्य होय.

यंत्राप्रमाणे सॉफ्टवेअरची झीज होत नाही. मात्र ज्या परिस्थितीसाठी ते लिहिले गेले ती परिस्थिती मागे पडते. महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या कारखान्याचा विचार केल्यास, विक्रीकराच्या काळात बसवलेल्या त्याच्या प्रणालीस १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आणि पुढे उलाढालीच्या टप्प्यांनुसार ई-इन्व्हॉइस असे बदल सामावून घ्यावे लागले. दर वेळी मूळ रचनेवर एक ठिगळ लावले जाते आणि काही वर्षांनी कोणते ठिगळ कशासाठी, हे सांगणारा कर्मचारीही निवृत्त झालेला असतो. कधी पुरवठादारच पाठबळ काढून घेतो. सॅप या जर्मन कंपनीने आपल्या आधीच्या पिढीतील ईआरपीचे नियमित पाठबळ २०२७ अखेरपर्यंतच दिले जाईल असे २०२० मध्ये जाहीर केले. नव्या पिढीकडे जावे, दुसरे तयार पॅकेज घ्यावे की स्वतःच्या गरजेनुसार प्रणाली घडवून घ्यावी, हा प्रश्न त्यामुळे अनेक संस्थांपुढे उभा राहिला. यांपैकी शेवटच्या पर्यायाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा निर्णय तंत्रज्ञानाचा मानला जातो. वस्तुतः संस्थेस स्वतःच्या कामाचे नियम कितपत ठाऊक आहेत, यावर त्याचे यशापयश अवलंबून असते.

लिडलचा अनुभव

जर्मनीतील लिडल या किरकोळ विक्री करणाऱ्या साखळीने २०११ मध्ये स्वतःची जुनी मालव्यवस्थापन प्रणाली बाजूला सारून सॅपचे पॅकेज आणण्याचे काम हाती घेतले. अडचण वरकरणी क्षुल्लक होती. ७० रुपयांना घेतलेली वस्तू १०० रुपयांना विकायची असेल, तर दुकानातील साठ्यात तिची किंमत ७० धरावी की १००? किरकोळ व्यापारासाठीच्या त्या पॅकेजची मूळ मांडणी विक्री किमतीवर आधारलेली होती, तर लिडलची परंपरा खरेदी किमतीची. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांस हे सांगण्याची आवश्यकता नाही की दोन्ही पद्धती लेखाशास्त्रात ज्ञात आहेत. लिडलने आपली पद्धत सोडली नाही. पॅकेजच त्या पद्धतीस जुळवून घेण्याचे ठरले. साठ्याचे मूल्य हे खरेदी, नफा, घट, हस्तांतरण अशा असंख्य हिशेबांच्या मुळाशी असते. तेथे केलेला बदल सर्वत्र झिरपला. २०१८ मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. कंपनीने आपली जुनी स्वनिर्मित प्रणालीच पुढे विकसित करण्याचा मार्ग पत्करला.

संस्थेने आपली कार्यपद्धती पॅकेजप्रमाणे बदलावी, असा उपदेश व्यवस्थापनाच्या ग्रंथांतून वारंवार आढळतो. तो अर्धाच ग्राह्य धरावा लागतो. घसाऱ्याचा हिशेब किंवा कराचे विवरणपत्र यांत वेगळेपण जपून कोणत्याही संस्थेस काही मिळत नाही. तेथे तयार पॅकेज पुरेसे आहे. याउलट ज्या पद्धतीमुळे संस्था स्पर्धकांपेक्षा निराळी ठरते, त्या पद्धतीपुरती स्वतःची प्रणाली घडवणे समर्थनीय ठरते. सर्वांत महाग मार्ग तिसरा : पॅकेज विकत घ्यायचे आणि मग ते मुळापासून बदलायचे. त्यात परवान्याचे शुल्कही जाते आणि निर्मितीचा खर्चही टळत नाही.

जुन्या प्रणालीतील अलिखित नियम

स्वतःची प्रणाली घडवायची झाल्यास तिने काय करावे हे आधी कोणीतरी सांगावे लागते. 'सध्याची प्रणाली जे करते तेच' हे उत्तर बहुतेक बैठकांत मिळते आणि तेथेच प्रकल्पाची पहिली चूक होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य विभागाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विभागाच्या लॅटिस या जुन्या वेतनप्रणालीचे पाठबळ २००८ मध्ये संपले. सुमारे ७८,००० कर्मचाऱ्यांच्या वेतनात १३ वेतननिवाडे, २०० हून अधिक भत्ते आणि त्यांतून निर्माण होणारी २४,००० हून अधिक संयोगांची गुंतागुंत होती. रात्रपाळी, सुट्टीच्या दिवसाचे काम, एकाच परिचारिकेची दोन रुग्णालयांतील नेमणूक या सर्वांचे नियम प्रणालीत आणि वेतन लिपिकांच्या स्मरणात विखुरलेले होते. महाविद्यालयीन अध्यापकांस वेतननिश्चिती आणि फरकाच्या रकमेचा जो अनुभव असतो, त्यावरून या गुंतागुंतीची कल्पना यावी.

मार्च २०१० मध्ये मोठ्या प्रमाणावर फेरफार केलेली नवी प्रणाली सुरू झाली आणि अनेकांस कमी, काहींस जास्त, तर काहींस मुळीच वेतन मिळाले नाही. मूळ करार सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता; पुढील दुरुस्त्यांसह एकूण खर्च १२० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज २०१३ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात नमूद आहे. कामाची व्याप्ती निश्चित न करताच करार पुढे रेटला गेला, हा आयोगाच्या टीकेचा एक प्रमुख मुद्दा होता.

यावरून नियमसंकलन हा निर्मितीपूर्वीचा उपचार नसून प्रकल्पाचा गाभा ठरतो. त्यासाठी केवळ विभागप्रमुखांच्या मुलाखती अपुऱ्या पडतात. प्रत्यक्ष नोंद करणाऱ्या कारकुनाशेजारी बसून तो कोणत्या वेळी प्रणाली सोडून एक्सेलचा तक्ता उघडतो, हे पाहावे लागते. जुन्या प्रणालीतील उणीव नेमकी त्या तक्त्यात सापडते. सापडलेल्या प्रत्येक नियमाविषयी तो कायद्याने आवश्यक आहे, व्यवसायास उपयुक्त आहे की केवळ सवयीचा आहे, हे ठरवणेही ओघाने येतेच. सवयीचे नियम नव्या प्रणालीत नेणे म्हणजे जुन्या घरातील अडगळ नव्या घरी वाहून नेणे होय.

स्थलांतराची पद्धत

जुन्या झाडाच्या ढोलीत वडाचे वा पिंपळाचे रोप रुजते, मुळे हळूहळू जमिनीपर्यंत पोहोचतात आणि कालांतराने मूळ झाड नाहीसे होऊन त्याच्या जागी नवे उभे राहते. क्वीन्सलँडच्याच वर्षावनात अशी झाडे पाहून मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअरतज्ज्ञाने २००४ मध्ये प्रणाली बदलण्याच्या पद्धतीस हीच उपमा दिली. एक विभाग नव्या प्रणालीवर आणावा, उरलेले जुन्यावर चालू ठेवावेत आणि दोहोंमध्ये माहितीची देवाणघेवाण ठेवावी. हा मार्ग संथ आहे, दोन प्रणाली सांभाळण्याचा खर्चही पडतो. तथापि चूक झाल्यास ती एका विभागापुरती राहते. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका आठवडाअखेरीस सर्व ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली, तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांस आपल्या खात्यांपर्यंत पोहोचता आले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस ४.८६५ कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

वेतन व लेखा यांसारख्या विभागांत किमान दोन-तीन महिने दोन्ही प्रणालींवर तेच व्यवहार करून उत्तरे ताडून पाहणे इष्ट असते. आकडे जुळत नाहीत तेव्हा चूक नव्या प्रणालीचीच असते असे नाही. कित्येक वर्षे जुनीच चुकत होती, असेही आढळते.

मालकी आणि कायदेशीर जबाबदारी

स्वनिर्मित म्हणवली जाणारी प्रणाली बहुधा बाहेरील कंपनीकडून लिहून घेतली जाते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते आणि कंत्राटदाराने लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क केवळ पैसे दिल्याने ग्राहकाकडे येत नाही; त्यासाठी लेखी अभिहस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ नुसार ती पाच वर्षांचीच समजली जाते. कोट्यवधींची प्रणाली घडवणाऱ्या संस्थेच्या करारात हे एक वाक्य राहून गेले, तर सहाव्या वर्षी ती पुन्हा पुरवठादाराच्या दारात उभी राहते.

दुसरी जबाबदारी लेखापरीक्षणाची. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा तारखेसह माग ठेवणारी आणि बंद करता न येणारी सुविधा अनिवार्य आहे. तयार पॅकेजात ती पुरवठादार देतो. स्वनिर्मित प्रणालीत ती संस्थेनेच बांधावी लागते, आणि लेखापरीक्षकास आपल्या अहवालात त्याविषयी अभिप्राय द्यावा लागतो. नियम बदलेल तेव्हा बदल करणारा प्रोग्रामरही संस्थेच्याच वेतनपटावर वा कराराखाली असावा लागतो. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.

नवी प्रणाली स्थिरावल्यावरही जुनी लगेच मोडीत काढता येत नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि जुन्या नोंदी बहुधा केवळ जुन्या सॉफ्टवेअरलाच वाचता येतात. एकतर त्या नोंदी वाचनीय स्वरूपात बाहेर काढून ठेवाव्या लागतात, किंवा जुना सर्व्हर आणि तो चालवू शकणारा एखादा माणूस तेवढी वर्षे सांभाळावा लागतो.